संगणकविद्येचे यशवंतपूर घराणे

शास्त्रीय संगीतात घराणे म्हणजे एकाच पद्धतीने शिकवली जाणारी, गुरूच्या चुकाही भक्तिभावाने पुढे नेणारी आणि इतर पद्धतींकडे दयेने पाहणारी शिष्यपरंपरा. ही व्याख्या मान्य केली, तर भारतातील प्राथमिक शाळांत मुलांना संगणक शिकवण्याची जी रीत गेली चाळीस वर्षे चालत आली आहे, तिलाही घराण्याचा दर्जा द्यावा लागतो. कारण या रीतीतही एका वाद्यासमोर अनेक शिष्य बसतात, वाद्याला हात लावण्याचा मान एखाद्यालाच मिळतो, उरलेले माना डोलावतात आणि तालमीचा बराचसा वेळ वाद्य जुळवण्यात जातो. प्रस्तुत लेखात या घराण्याच्या बंगळुरूतील यशवंतपूर शाखेचा परिचय करून देण्याचे योजले आहे. बंगळुरू हे देशाच्या संगणक-उद्योगाचे मुख्य ठाणे असल्यामुळे ही शाखा निवडली, असे सांगता आले असते. परंतु खरे कारण असे की, प्रस्तुत लेखकाची नात तेथील एका शाळेत तिसरीत शिकते, आणि क्षेत्रसंशोधनाचा, म्हणजे जागेवर जाऊन निरीक्षण करण्याचा, सर्व खर्च सकाळच्या फिल्टर कॉफीसह जावयाने उचलला.

यशवंतपूर हे नाव ऐकून सातारा-सांगलीकडच्या माणसाला तेथे एखादा वाडा आणि वाड्यात एखादे यशवंतराव असतील असे वाटते. प्रत्यक्षात तेथे एक मोठे रेल्वे स्थानक आहे, जेथून आठवड्याला एक गाडी थेट पंढरपूरला जाते, २०१४ पासून मेट्रोचे स्थानक आहे आणि कांद्याबटाट्यांच्या घाऊक व्यापाराचे विस्तीर्ण यार्ड आहे. चंदनी साबणाचा प्रसिद्ध सरकारी कारखानाही जवळच असल्यामुळे वर्गात त्या दिवशी चंदन दरवळणार की कांदा, हे वाऱ्याच्या मर्जीवर ठरते. १९०९ साली स्थापन झालेली भारतीय विज्ञान संस्था शेजारीच असल्याने विद्वत्ता वाऱ्यावरून येत असती, तर हा लेख लिहिण्याची वेळच आली नसती. मराठी माणसाचा या शहराशी संबंध जुना आहे. शहाजीराजांच्या जहागिरीतले बंगळूर १६८७ साली तीन लाख रुपयांना म्हैसूरच्या चिक्कदेवराज वोडेयरांकडे गेले. आज याच शहरातल्या काही बड्या शाळांत तेवढ्या रकमेत एका मुलाचे एक वर्षही निभत नाही, आणि संगणक प्रयोगशाळेचे शुल्क वेगळे पडते. पुण्यात १९८१ साली जन्मलेली इन्फोसिस १९८३ मध्ये बंगळुरूला नांदायला गेली, ही हकिकत पुण्यातील ज्येष्ठ मंडळी अजूनही, लेक चांगल्या घरी पडली पण माहेरपणाला येते तीही हिंजवडीपर्यंतच, अशा सुरात सांगतात.

घराण्याचा उगम शोधू गेल्यास १९८४-८५ या वर्षापर्यंत मागे जावे लागते. त्या वर्षी केंद्र सरकारने 'क्लास' या नावाची योजना काढून देशातील २५० शाळांत बीबीसी मायक्रो हे ब्रिटिश बनावटीचे संगणक बसवण्यास सुरुवात केली. या यंत्राची स्मृती ३२ किलोबाइट होती. किलोबाइट म्हणजे साधारणपणे हजार रोमन अक्षरे मावतील एवढी जागा. देवनागरीच्या एका चिन्हाला आजच्या युनिकोड पद्धतीत तीन अक्षरांची जागा लागत असल्यामुळे प्रस्तुत लेख त्या यंत्रात मावला नसता, ही त्या यंत्राची एक जमेची बाजू मानावी लागेल. त्या काळी संगणक ही पाहुण्यासारखी जपण्याची वस्तू होती, धूळ हा तिचा शत्रू मानला जाई आणि म्हणून संगणकाच्या खोलीत पादत्राणे काढून जाण्याचा दंडक पडला. पुढे संगणक धीट झाले, कांद्याच्या वखारीतल्या धुळीत आणि उडुपी हॉटेलांच्या गल्ल्यावर सांबाराच्या वाफेत सुखाने नांदू लागले, परंतु दंडक तसाच राहिला. यशवंतपुरातील या शाळेतही प्रयोगशाळेच्या दारात चाळीस मुलांचे ऐंशी बूट निघतात, आणि तास संपल्यावर त्यातले अठ्ठ्याहत्तर योग्य पायांत परत जातात.

तासाचे गणित येथे मांडणे आवश्यक आहे. तास पस्तीस मिनिटांचा असतो. वर्गातून रांग करून निघण्यात पाच मिनिटे, बूट काढण्यात चार, कोण कोणाशेजारी बसणार या वादात पाच, संगणक सुरू होण्याची वाट पाहण्यात सहा, 'कोणीही कशालाही हात लावायचा नाही' ही सूचना तीन भाषांत देण्यात तीन, शेवटी बूट घालून नाड्या बांधण्यात सात आणि रांग करून परतण्यात पाच मिनिटे जातात. ही बेरीज बरोबर पस्तीस होते. संगणक शिकवण्यासाठी वेळापत्रकात जागाच उरत नाही, तरीही त्यातून मुले काही ना काही शिकतात, हा या घराण्याचा चमत्कार होय.

आता वाद्यांच्या संख्येविषयी. शाळा-शाळांची सरकारी आकडेवारी गोळा करणाऱ्या यूडायस प्लस या यंत्रणेच्या २०२३-२४ च्या अहवालानुसार देशातील ५७.२ टक्के शाळांत चालू स्थितीतले संगणक होते. 'चालू' या शब्दाला मराठीत दोन अर्थ आहेत, एक सुरू असलेला आणि दुसरा बेरकी, आणि शालेय संगणकांच्या बाबतीत दोन्ही अर्थ एकाच वेळी लागू पडतात. कारण तपासणी अधिकारी दारात असेपर्यंत जो संगणक व्यवस्थित चालतो तो त्यांची पाठ वळताच निळा पडतो. पाहिलेल्या प्रयोगशाळेत बारा संगणक होते, पैकी सात सुरू होते, चार बेरकी होते आणि एक मुख्याध्यापिकांच्या खोलीत परीक्षेच्या पेपरांसाठी कायमचा प्रतिनियुक्तीवर गेला होता. चाळीस मुले आणि सात संगणक हा भागाकार पूर्ण सुटत नाही. तो सोडवण्यासाठी बंगळुरूत एक तत्त्व वापरतात, ज्याला 'स्वल्प अड्जस्ट माडी' म्हणतात. याचा शब्दशः अर्थ 'जरा सांभाळून घ्या' असा असून तीन जणांच्या बाकावर पाचवा बसताना, दुचाकीवर चौथे माणूस चढताना आणि रिक्षावाला मीटर न टाकता निघताना हेच तत्त्व उच्चारले जाते. एका खुर्चीवर दोन मुले, दोघांच्या मध्ये तिसरे, तिघांच्या मागे उभी असलेली इतर, अशा रचनेत एक मूल माऊस धरते, दुसरे कळफलक सांभाळते, तिसरे पडद्यावर बोट ठेवून 'इथे, इथे' म्हणते आणि उरलेली तक्रारी करतात. मोठेपणी ज्या कंपन्यांत ही मुले काम करतील तेथील कामाची विभागणीही साधारण अशीच असते, असे जावयाने खासगीत सांगितले.

माऊसचा इतिहास मुलांना शिकवत नाहीत, पण तो उद्बोधक आहे. अमेरिकेतील डग्लस एंगेलबार्ट यांच्या चमूने १९६४ साली लाकडी खोक्याला चाके आणि एक बटण लावून पहिला माऊस तयार केला, आणि मागून निघालेल्या तारेमुळे तो शेपटीच्या उंदरासारखा दिसे म्हणून त्याला ते नाव चिकटले. १९६८ च्या डिसेंबरमध्ये एंगेलबार्ट यांनी तो सॅन फ्रान्सिस्कोतील जाणकारांच्या सभेत चालवून दाखवला. तो प्रयोग अजूनही आदराने आठवला जातो; परंतु त्या सभेत तिसरीचा एकही विद्यार्थी नव्हता, हे लक्षात घेतले पाहिजे. तिसरीच्या विद्यार्थ्याला माऊस हातात धरायला सांगितले की तो माऊस हातात धरतो, म्हणजे टेबलावरून उचलतो आणि दूरदर्शनच्या रिमोटसारखा पडद्यावर रोखतो. कन्नडमध्ये उंदराला 'इली' म्हणतात. ज्या मुलांची घरे बाजाराच्या यार्डालगत आहेत त्यांचा खऱ्या इलींशी रोजचा परिचय असल्याने एकदा वर्गात पुढील संवाद घडला.

"मिस, नम्म इली सत्तोय्तु," म्हणजे आमचा उंदीर मेला, असे एका मुलाने उभे राहून जाहीर केले.

"कुठे?" असे म्हणत मिस खुर्चीवर चढल्या.

"टेबलावर," मूल शांतपणे म्हणाले. "बाण हलतच नाही."

पूर्वीच्या माऊसच्या पोटात रबरी आवरणाची एक जड गोळी असे, आणि ती गोट्या खेळण्यासाठी इतकी उत्तम असे की नव्वदीच्या दशकातील कित्येक प्रयोगशाळांत मधल्या सुट्टीनंतर सर्वच उंदीर एकदम मरत. आता माऊस प्रकाशाच्या किरणावर चालतो आणि चोरण्यासारखे त्यात काही उरलेले नाही, म्हणून त्याच्याविषयीची मुलांची ओढ कमी झाली आहे, असे जुने शिक्षक हळहळून सांगतात.

कळफलकाची कथा निराळी. दोन वर्षे घोकून घोकून एबीसीडी एका ओळीत बसवलेल्या मुलासमोर जेव्हा इंग्रजी कळफलक येतो, तेव्हा त्यावर क्यूनंतर डब्ल्यू आणि डब्ल्यूनंतर ई पाहून त्याचा मोठ्या माणसांवरील विश्वास कायमचा उडतो. ही मांडणी मिलवॉकीचे क्रिस्टोफर शोल्स यांच्या टंकयंत्रावरून आली, १८७४ पासून ती बाजारात विकली जाऊ लागली, आणि तेव्हापासून मुलांनी तिच्याविरुद्ध केलेल्या सर्व तक्रारी फेटाळल्या गेल्या आहेत. याउलट भारतीय लिप्यांसाठी केलेली इनस्क्रिप्ट ही मांडणी, जिला १९९१ च्या भारतीय मानकात स्थान मिळाले, शहाण्यासारखी आहे. तीत स्वर डाव्या हाताला आणि व्यंजने उजव्या हाताला येतात, आणि मुख्य म्हणजे सर्व लिप्यांना मांडणी एकच आहे. ज्या कळीवर मराठी मुलाचा 'क' उमटतो त्याच कळीवर कन्नड मुलाचाही 'क' उमटतो. १९५६ पासून दोन राज्यांत जो सीमाप्रश्न चालू आहे तो निदान कळफलकापुरता सुटला आहे, याची दखल दोन्हीकडील पुढाऱ्यांनी अद्याप घेतलेली दिसत नाही, ही एका अर्थी बरीच गोष्ट म्हणायची. या मांडणीत 'ज्ञ' हे अक्षर मात्र टक्क्याच्या चिन्हाच्या कळीवर बसवलेले आहे, म्हणजे ज्ञान लिहायचे असल्यास आधी टक्के दाबावे लागतात. हे ज्याने ठरवले तो पालकसभेला बसलेला माणूस असावा.

प्रत्यक्ष यंत्रापर्यंत हात पोहोचत नसल्यामुळे घराण्याचा खरा भर उपपत्तीवर, म्हणजे वहीतल्या विद्येवर असतो. संगणकाचे जनक कोण, या प्रश्नाचे उत्तर चार्ल्स बॅबेज असे आहे, आणि ते मुले झोपेतही देतात. बॅबेज यांनी १८३० च्या दशकात आखलेले विश्लेषक यंत्र त्यांच्या हयातीत पूर्ण झाले नाही. त्याआधीचे फरक-यंत्रही अर्धवट राहिले, आणि त्याचा सुधारलेला दुसरा आराखडा लंडनच्या विज्ञान संग्रहालयाने जेव्हा प्रत्यक्ष बांधून चालवला तेव्हा १९९१ साल उजाडले होते. ज्या विद्येचा जनकच जन्मभर यंत्र सुरू होण्याची वाट पाहत राहिला, त्या विद्येच्या तासाला सहा मिनिटे वाट पाहावी लागते म्हणून कुरकुर करणे बरे नव्हे. संगणकाच्या पाच पिढ्याही पाठ असाव्या लागतात: पहिली निर्वात नळ्यांची, दुसरी ट्रान्झिस्टरची, तिसरी एकात्मिक मंडलांची, चौथी मायक्रोप्रोसेसरची आणि पाचवी कृत्रिम बुद्धिमत्तेची. प्रस्तुत लेखकाने आपल्या नातीला तिच्या पणजोबांचे नाव विचारले असता तिला ते आठवले नाही, परंतु निर्वात नळ्या आठवल्या. परीक्षेत 'मॉनिटरचे कार्य लिहा' या प्रश्नाला एका मुलाने 'मॉनिटर बोलणाऱ्यांची नावे फळ्यावर लिहितो' असे उत्तर लिहिले होते, आणि त्याला शून्य गुण मिळाले. वस्तुस्थिती पाहता त्या खोलीत काम करणारा तो एकमेव मॉनिटर होता.

या ठिकाणी विजेचा उल्लेख टाळता येत नाही. पावसाळ्यात दुपारी तीनच्या सुमारास आभाळ भरून येते, दिवे एकदा मिचकावतात आणि "करंट होय्तु!" अशी एकमुखी आरोळी उठते. करंट गेला, एवढाच तिचा अर्थ. परंतु आनंदाची तीव्रता पाहता ती युद्ध जिंकल्याची घोषणा वाटते. यानंतर यूपीएस नावाची पेटी बोलू लागते. ही पेटी वीज गेल्यावर संगणकाला काही मिनिटे जिवंत ठेवते, म्हणजे काम सुरक्षित ठेवून तो रीतसर बंद करता यावा अशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात ती काही मिनिटे त्या पेटीच्या शिट्टीसारखा आवाज काढण्याच्या स्पर्धेत जातात, आणि पेटी हरते.

गुप्त शब्द, ज्याला पासवर्ड म्हणतात, तो कोणालाही सांगायचा नसतो हा धडा दुसऱ्या सत्रात येतो. चाळीस मुलांनी चाळीस शब्द ठेवले आणि त्यांतील एकोणचाळीस विसरले, असा पूर्वानुभव असल्याने शाळेने सर्वांसाठी एकच शब्द ठरवून तो फळ्यावर वरच्या कोपऱ्यात, सुविचाराच्या जागी, रंगीत खडूने लिहून ठेवला आहे. नवी मुले रोज सकाळी सुविचाराबरोबर तोही वाचतात. गेल्या वर्षी दुसरीतल्या एका मुलीने प्रार्थनेनंतर तो मोठ्याने म्हटला आणि प्रमुख पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

घराण्याच्या कलाविष्काराचा कळस म्हणजे 'संगणकाची प्रतिकृती तयार करणे' हा प्रकल्प होय. प्रकल्प म्हणजे मुलाने स्वतःच्या हातांनी करावयाचे असे काम, जे पालकांनी रात्री करावयाचे असते. त्याची सूचना मुलाच्या दप्तरातून रविवारी रात्री साडेनऊला निघते. यशवंतपूरच्या मराठी, कन्नड, तेलुगू आणि मारवाडी घरांतून त्या रात्री एकच दृश्य दिसते: दिवसभर दूरदेशीच्या बँकेसाठी आज्ञावली लिहिणारा, म्हणजे संगणकाने काय करावे याच्या सूचना संगणकाच्या भाषेत मांडणारा, एक प्रौढ अभियंता जमिनीवर मांडी घालून बुटांच्या खोक्याला चांदीचा कागद चिकटवत असतो, त्याची पत्नी कळांसाठी चौकोनी टिकल्या कापत असते आणि मूल गाढ झोपलेले असते. जावयाने नोकरीची बारा वर्षे कळफलकावरच काढली आहेत. तरीही एस्केपची कळ डावीकडे की उजवीकडे, हे त्याला त्या रात्री सांगता आले नाही, कारण ती गोष्ट बोटांना ठाऊक असते आणि बोटांना फेव्हिकॉल लागलेले होते.

"लॅपटॉप उघडून बघ ना," मुलगी म्हणाली.

"लॅपटॉपवर खोकं वाळत ठेवलंय," जावई म्हणाला.

प्रतिकृतीला दहापैकी सात गुण मिळाले. माऊसला शेपूट नसल्याबद्दल दोन आणि 'मुलाने स्वतः केलेले वाटत नाही' याबद्दल एक गुण कापला होता. पहिला क्रमांक ज्या प्रतिकृतीला मिळाला तिचे वडील सुतारकामाच्या व्यवसायात असल्याचे नंतर समजले. अभियंता-पालकांच्या गटात त्यावर दोन दिवस चर्चा चालली आणि पुढच्या वर्षी सर्वांनी मिळून त्यांनाच काम द्यावे असे ठरले.

गुरूविषयी दोन शब्द लिहिणे क्रमप्राप्त आहे. प्राथमिक शाळेतील संगणक-शिक्षिका ही संगणकाव्यतिरिक्त ओळखपत्रे छापते, स्नेहसंमेलनात ध्वनिक्षेपक लावते, मुख्याध्यापिकांच्या भ्रमणध्वनीत न उघडणारी लग्नपत्रिका उघडून देते आणि उरलेल्या वेळात विद्यार्थ्यांची माहिती सरकारी संकेतस्थळावर भरते. कर्नाटकात या प्रणालीला एसएटीएस म्हणतात, महाराष्ट्रात तशाच एका प्रणालीचे नाव 'सरल' असे ठेवले आहे, आणि रात्री बाराला ती उघडते का हे पाहण्यासाठी गजर लावून उठणाऱ्या शिक्षकांच्या विनोदबुद्धीला ते नाव आजवर पुरून उरले आहे. शिक्षिकेला मुलांना शिकवायचे असते, याविषयी शंका नाही. फक्त संगणकाला तिची गरज मुलांपेक्षा अधिक असते.

२०२० साली या घराण्यावर एक विलक्षण प्रसंग आला. टाळेबंदीत शाळा संगणकावर भरू लागल्या आणि त्या वर्षीच्या जूनमध्ये कर्नाटक सरकारने पाचवीपर्यंतच्या मुलांसाठी असे ऑनलाइन वर्ग घेण्यास मनाई केली. म्हणजे ज्या राज्याची राजधानी साऱ्या जगाचे संगणक चालवते त्याच राज्यात लहान मुलांना संगणकावर शिकण्याची बंदी झाली. जुलैमध्ये उच्च न्यायालयाने या मनाईला स्थगिती दिली आणि मुले पुन्हा पडद्यासमोर बसली. त्याच वर्षी आलेल्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने आज्ञावली-लेखनाची ओळख उच्च प्राथमिक वर्गांपासून करून द्यावी असे सुचवले होते. परंतु जाहिरातींना एवढा धीर नव्हता, आणि सहा वर्षांच्या पोराला कोट्यवधींची नोकरी मिळाल्याच्या कथा ऐकून कित्येक आयांनी आपल्या पाच वर्षांच्या मुलाकडे, एक वर्ष हातात आहे, अशा नजरेने पाहिले. प्रत्यक्षात मुलांनी त्या काळात जे शिकून घेतले ते कोणत्याच अभ्यासक्रमात नव्हते. पाढे विचारल्याबरोबर चेहरा स्थिर ठेवून, पापणीही न लववता, चित्र गोठल्याचा आभास निर्माण करणे ही कला दुसरीतल्या मुलांनी कोणाच्याही मार्गदर्शनाशिवाय साध्य केली. तिच्यात तरबेज झालेला एक मुलगा शाळा उघडल्यावर प्रत्यक्ष वर्गातही सतराचा पाढा विचारल्यावर गोठला, आणि मिसने सवयीने "नेटवर्क गेलं वाटतं" म्हणून पुढच्याला उठवले.

मार्गदर्शनाशिवाय शिकण्याचा हा प्रकार विद्वानांना अपरिचित नाही. सुगत मित्र यांनी १९९९ साली दिल्लीत कालकाजी येथे कार्यालयाच्या भिंतीत भोक पाडून झोपडवस्तीच्या बाजूला एक संगणक बसवला आणि शिक्षक म्हणून कोणालाही नेमले नाही. मुलांनी तो आपापसांत शिकून घेतला, इतकेच नव्हे तर पडद्यावरच्या बाणाला 'सुई' आणि थांबण्याची खूण म्हणून येणाऱ्या वाळूच्या घड्याळाला 'डमरू' अशी नावेही ठेवली, जी मूळ नावांपेक्षा निश्चितच सरस आहेत. त्याहून आधी, १९६७ मध्ये, सेमोर पॅपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांसाठी लोगो ही भाषा तयार केली, जिच्यात एका कासवाला पुढे जा, वळ अशा आज्ञा देऊन चित्रे काढता येतात. मुलाने यंत्राला हुकूम द्यावा, यंत्राने मुलाला नव्हे, असा पॅपर्ट यांचा आग्रह होता. यशवंतपूर शाखेत कासव आहे, परंतु ते संगणकाच्या वेगाच्या रूपाने आहे, आणि हुकूम एकटी मिस देते.

तरीही नावे ठेवण्याची मुलांची शक्ती येथेही शाबूत दिसते. काम जतन करण्यासाठी ज्या चित्रावर टिचकी मारावी लागते ते फ्लॉपी नावाच्या जुन्या चौकोनी तबकडीचे आहे. ही तबकडी आजच्या कोणत्याही मुलाने पाहिलेली नाही, पण तिचे दोन प्रकार परीक्षेत विचारतात. 'हे चित्र कशाचे?' असे मिसने विचारले, तेव्हा यार्डात कांद्याचा गाळा असलेल्या घरातल्या एका मुलाने क्षणात उत्तर दिले, "दुकानाचं शटर. काम संपलं की ओढायचं, म्हणजे आतलं कोणी नेत नाही." जुन्या फ्लॉपीला पत्र्याचे एक सरकते झाकण असे आणि इंग्रजीत त्याला शटरच म्हणत, हे त्या मुलाला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. तेव्हापासून तिसरीचा सर्व वर्ग काम जतन करत नाही, शटर ओढतो.

व्यवहाराशी नाते असे पक्के असले की कधी अडचणही होते. यशवंतपूरहून सुटणारी गाडी ज्या सोलापूर जिल्ह्यात पोहोचते, त्याच जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांवर क्यूआर कोड छापण्याची कल्पना राबवली, म्हणजे काळ्यापांढऱ्या ठिपक्यांचा असा चौकोन, ज्यावर भ्रमणध्वनी धरला की कविता ऐकू येते किंवा धडा दिसतो. पुढे ती कल्पना राज्याच्या पाठ्यपुस्तकांत गेली, आणि २०२० साली डिसले यांना दहा लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, ज्यातील निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर शिक्षकांना वाटून दिली. मराठी वाचता यावे म्हणून नातीसाठी बालभारतीचे पुस्तक मुद्दाम नेले होते. बंगळुरूत इडलीवाल्यापासून चांभारापर्यंत सर्वांकडे असाच चौकोन टांगलेला असतो. नातीने पुस्तकातला चौकोन पाहिला आणि आईला हाक मारली.

"आई, आबांनी पुस्तक उधारीवर आणलंय. किती रुपये पाठवायचे?"

सर्वांत मोठा तास मात्र दसऱ्याच्या आदल्या दिवशी भरतो. महाराष्ट्रात ज्याला खंडेनवमी म्हणतात तो दिवस कर्नाटकात आयुधपूजेचा, आणि त्या दिवशी बस, रिक्षा, करवत, वजनकाटे यांच्याबरोबर संगणकांनाही झेंडूच्या माळा पडतात. बाराही संगणकांना, प्रतिनियुक्तीवरच्यासह, हळदकुंकू लागते, दाराशी कोहळा फुटतो, आणि वर्षातून एकदा मुले सर्व यंत्रांना यथेच्छ हात लावतात, कारण त्या दिवशी ती बंद असतात. नंतर आठवडाभर कळफलकाच्या फटींतून कुंकू निघत राहते आणि 'ई'ची कळ दाबली की ती वर येत नाही. नातीची आई लहानपणी दसऱ्याला पाटीपूजन करत असे. पाटीवर एकच्या आकड्यांची सरस्वती काढायची, अनेक एक उभे-आडवे मांडून, ही रीत मराठी घरांत अजून आहे. ती पाटी नातीपुढे ठेवून प्रस्तुत लेखकाने समजावून सांगितले की, संगणकालाही आतून फक्त एक आणि शून्य एवढेच आकडे कळतात, म्हणजे आपल्या पूर्वजांची निम्मी तयारी झालेलीच होती. नातीने पाटी नीट पाहिली आणि विचारले, "मग शून्य कोणी काढायचं राहिलं, आबा?" या प्रश्नावर संशोधन चालू आहे.

शास्त्रीय लेखनाच्या प्रथेनुसार या लेखाच्या अखेरीस एक निष्कर्षाचा भाग होता. त्यात प्राथमिक संगणकशिक्षणाची दिशा, धोरण आणि भवितव्य यांविषयी गंभीर विवेचन केलेले होते, ते दोन बोटांनी तीन दुपारी खपून टंकलेले होते, आणि लेखकाच्या मते संपूर्ण लेखातील तोच भाग खऱ्या अर्थाने विद्वत्तापूर्ण होता. शेवटचा पूर्णविराम देत असतानाच आभाळ भरून आले, दिवे एकदा मिचकावले आणि शेजारच्या इमारतीतून पोरांची ओळखीची आरोळी ऐकू आली. नात शाळेतून नुकतीच आली होती. तिने काळ्या पडद्याकडे पाहिले, मग आबांकडे पाहिले आणि बूट काढता काढता एवढेच विचारले:

"शटर ओढलं होतं ना?"